मालकाला विचारा

अंबडला जालना रोडच्या कडेला गॅरेजांची एक ओळ आहे. त्या ओळीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गालात गुटख्याचा नाहीतर तंबाखूचा तोबरा असायचा. अपवाद एकच, मुनीर उस्ताद. सत्तरीकडे झुकलेला माणूस. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर ऑइलचा एखादा तरी पट्टा, आणि तोंड उघडलं की दात मात्र पांढरेशुभ्र. दिवसातून तीनदा ते कडुलिंबाची काडी घेऊन गॅरेजच्या मागे जायचे आणि पाच-सात मिनिटं मन लावून दात घासायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा भलताच शौकीन दिसतोय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

खरं म्हणजे दात हे त्यांचं हत्यार होतं. तरुणपणी विहिरीवरच्या आणि पिठाच्या गिरण्यांच्या डिझेल इंजिनांपाशी त्यांची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे कानांनी त्यांना कमी ऐकू यायचं. समोरासमोर बोललेलं कळायचं, पण इंजिनाच्या आतलं बारीक काही कानांना पकडता यायचं नाही. मग हातभर लांब पेचकसाचं टोक ते चालू इंजिनाच्या अंगाला टेकवायचे, त्याची लाकडी मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. कानात जे शिरत नव्हतं ते दातांतून सरळ डोक्यात जायचं. कोणतं सिलिंडर आळशी झालंय, कुठे झीज झालीय, कुठे नुसताच एखादा नट ढिला आहे, हे ते असं दातांनी ऐकून सांगायचे. आणि त्यांचं सांगणं चुकत नसे.

मी अंबडमधल्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतो. विनाअनुदानित म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्याला पगाराचं वेगळं सांगायला नको. सुनंदाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे दुखायला लागले आणि मोटारसायकलवर बसणं तिला जमेना. म्हणून सहा-सात वर्षांची सगळी शिल्लक गोळा करून मी जाफराबादच्या एका ओळखीच्या माणसाकडून सात सीटची जुनी डिझेल जीप घेतली. तिथे मी बॉनेट उघडून आत बघितलं, जाणकारासारखी मान डोलावली आणि बॉनेट बंद केलं. आत नेमकं काय बघायचं असतं ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. येताना जालना ओलांडलं आणि समोरच्या काट्यांमध्ये ऑइलचा लाल दिवा लागला. अंबडला पोचेपर्यंत तो विझला नाही. लोकांनी सांगितलं, उस्तादांकडे न्या.

उस्तादांनी जीप चालू करायला लावली, पेचकस दातांत धरला आणि डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात उघडले. मला वाटलं आता निदान सांगणार. त्यांनी सांगितलं नाही. खिशातून एक धुतलेलं फडकं काढलं, पेटीतून दुसरा एक पेचकस काढला, त्याच्या मुठीवर पाणी ओतलं, फडक्याने ती पुसली आणि माझ्यापुढे धरली. मालकाचा पेचकस वेगळा असायचा.

"आता तुम्ही ऐका, सर."

मी म्हणालो, "मला काय कळणार त्यातलं? तुम्हीच सांगा."

"म्या सांगितलं तर उद्या तुम्ही म्हणताल, मुनीरनं पैसे काढायसाठी सांगितलं. तुम्ही सोता ऐका. एकदा ऐकलेलं मंग न्हाई ऐकलं असं करता येत न्हाई माणसाला."

भर रस्त्यावर, शाळेतली दोन पोरं सायकलवरून बघत जात असताना, मी पेचकस दातांत धरला. आधी नुसती घरघर आली, सगळी कवटी भरून. आणि तिच्या खाली, खोलवर काहीतरी होतं. टक्. टक्. टक्. बंद खोलीतून कोणी बोटाच्या पेराने हळूच दार वाजवावं, तसं. मी दचकून मूठ सोडली.

"आलं?" उस्ताद म्हणाले. "ते क्रँकचं बेअरिंग हाय. खाऊन खाऊन पातळ झालंय. इंजिन पूरं खोलावं लागंल. साठ-सत्तर हजाराचा खर्चा हाय, बिलकुल कमी न्हाई. कमी सांगितला तर म्या झूट बोललो समजा."

मी विचारलं, "न खोलता चालेल का?"

"चालंल की. कुठवर चालंल, ते मला ठावं न्हाई. तिलाबी ठावं न्हाई."

साठ-सत्तर हजार माझ्याकडे नव्हते. ते उभे करायला सुनंदाच्या अंगावरचं काहीतरी मोडावं लागलं असतं, आणि तिला तसं विचारण्याची माझी हिंमत नव्हती. मला त्या म्हाताऱ्याचाच राग आला. वाईट बातमी आणणाऱ्याचा येतो तसा. चार दिवसांनी मी दुसऱ्या गॅरेजला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "काही नाही सर, घट्ट ऑइल टाकू, आवाज गायब." त्याने ते टाकलं आणि आवाज खरोखर गेला. लाल दिवाही मिणमिणता झाला. मी मुद्दाम उस्तादांच्या दारावरून जीप नेली आणि थांबवून म्हणालो, "बघा, शंभर टक्के शांत झाली."

त्यांनी पेचकस घेतलासुद्धा नाही. नुसता बॉनेटवर हात ठेवला. "आवाज दाबला सर तुम्ही. दुखणं तिथंच हाय." मग काडी घेऊन दात घासायला मागे निघून गेले.

आता उस्तादांच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अंबडला जुनी गाडी विकायची तर सौदा उस्तादांसमोर व्हायचा. घेणारा आणि देणारा दोघे गाडी घेऊन त्यांच्या दारात यायचे. उस्ताद गाडी ऐकायचे. घेणारा विचारायचा, "कशी हाय उस्ताद?" आणि गाडी नवीकोरी असो की भंगार, त्यांचं उत्तर एकच असायचं: "मालकाला विचारा." मग त्यांच्यासमोर मालकाने स्वतःच्या तोंडाने गाडीचं खरं काय ते सांगायचं. सांगून झालं की उस्ताद म्हणायचे, "बराबर." हे बराबर आलं की बयाणा हातात पडायचा.

राग ओसरल्यावर एकदा मी तिथे बसलो असताना एक सोयाबीनचा व्यापारी पिकअप विकायला आला होता. मालकाला विचारा म्हटल्यावर तो आधी आभाळाकडे बघत राहिला, मग बुटांकडे, आणि शेवटी म्हणाला, "दुसऱ्या सिलिंडरचा जरा लोचा हाय बुवा. पाच-सात हजार लागत्याल." घेणारा हसला, तेवढे कमी झाले, तिघांनी चहा घेतला. मी उस्तादांना नंतर विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग सरळ सांगून का टाकत नाही?"

ते म्हणाले, "हकीम एकाची नाडी बघून शेजाऱ्याला सांगत न्हाई. म्या कान हाय सर. जबान मालकाची. त्याची गोष्ट त्यानंच सांगायची."

"आणि मालक खोटं बोलला तर?"

त्यांना हा प्रश्नच कळला नाही असं वाटलं. थोडा विचार करून म्हणाले, "माझ्यासमोर? आजपतुर तर कुणी बोललं न्हाई."

दिवाळीनंतर मी जीप विकायला काढली. सुनंदा म्हणाली, "जे आहे ते सांगून विका. चार पैसे कमी आले तरी चालतील." मी हो म्हणालो. तेव्हा तसं करायचं माझ्या मनात होतंही.

घ्यायला आला विष्णू. तीर्थपुरीचा, तिशीचा, पिठाची गिरणी चालवणारा, भुवयांवरसुद्धा पीठ बसलेला. आल्या आल्या त्याने गाडी बघितली नाही, आधी सगळी हकीकत सांगितली. वडिलांची किडनी गेलेली. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला जालन्याला न्यावं लागायचं. "एसटीनं नेत व्हतो सर. येताना त्यांना बसवत न्हाई. मागच्या बुधवारी वांत्या झाल्या, कंडक्टर चांगला व्हता, पर लोकं बोलत्यात. म्हणून आपली गाडी पाह्यजे. मोठी न्हाई, नुसती नेऊन आणणारी." मग म्हणाला, "उस्तादांसमोर करू सौदा. आमच्या गावात समदे तसंच करत्यात."

हे ऐकून मी सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. पण त्याने जी किंमत कबूल केली होती ती माझी सगळी शिल्लक होती, आणि बेअरिंगचं सांगितलं असतं तर त्यातली जवळजवळ निम्मी गेली असती. गॅरेजपर्यंतच्या रस्त्यात मी मनात दोन वाक्यं जुळवली. ती जुळवताना माझ्या लक्षात आलं की त्यांत बेअरिंग कुठेच नाही.

उस्तादांनी जीप ऐकली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. विष्णूनेही मालकाचा पेचकस दातांत धरला आणि लाजून म्हणाला, "नुसती घरघर हाय. मला काय कळतंय यातलं? कशी हाय उस्ताद?"

"मालकाला विचारा."

विष्णूने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "चांगली आहे. ऑइल नुकतंच बदललंय."

दुसरं वाक्य खरं होतं. उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. ते वाट बघत होते. चुकीचं उत्तर दिलेल्या पोराला मी फळ्यापाशी उभं ठेवतो आणि तो स्वतःच दुरुस्त करील म्हणून थांबतो, तसे ते थांबले होते. इंजिन चालूच होतं. विष्णू म्हणाला, "बराबर ना उस्ताद?"

उत्तर आलं नाही. विष्णू गोंधळला. आणि मी, कोणी ढकलावं तसा पुढे होऊन म्हणालो, "त्यांना कमी ऐकू येतं. मघाशी मला बराबर म्हणाले ते."

उस्ताद माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी हे ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं. त्यांनी दोन्ही पेचकस पेटीत ठेवले, पेटीचं झाकण लावलं आणि नळावर जाऊन हात धुवायला लागले. विष्णूने बयाणा काढला. मी तो घेतला.

घरी सुनंदाने विचारलं, "सांगितलं ना त्याला सगळं?" मी म्हणालो, "उस्तादांसमोर सौदा झाला." अंबडमध्ये या वाक्यापुढे कोणी काही विचारत नाही. तिनेही विचारलं नाही.

त्यानंतर मला तो आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. नववी ब च्या वर्गातला पंखा. बँकेतलं शिक्का मारण्याचं काम. सुनंदा पोळ्या लाटते तेव्हा पोळपाटाचा एक पाय खाली टेकत नाही, त्याचा. मी मधेच बोलायचा थांबायचो आणि पोरं एकमेकांकडे बघायची. एखाद्या दिवशी तो आला नाही की मला बरं वाटायचं नाही, उलट भीती वाटायची. वाटायचं, तिकडे तो वाढला असेल.

चैत्राच्या सुरुवातीला एका दुपारी अंबड आणि जालन्याच्या मधल्या माळावर ती जीप जागच्या जागी जाम झाली. मागच्या सीटवर विष्णूचे वडील होते. त्या उन्हात गाड्या थांबेनात. शेवटी कांद्याच्या एका रिकाम्या टेम्पोने त्यांना घेतलं. पोचायला तीन तास उशीर झाला आणि श्वास लागलेला होता. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांची डायलिसिसची आधीची पाळीही हुकली होती. लेकीच्या घरच्या वास्तुशांतीला जायचं म्हणून ती त्यांनी स्वतःच हट्टाने चुकवली होती. ती हुकली नसती तर तीन तासांनी काही बिघडलं नसतं, असं म्हणता येतं. जीप बंद पडली नसती तर एक पाळी हुकल्याने काही बिघडलं नसतं, असंही म्हणता येतं. मी गणिताचा मास्तर आहे. हे गणित मी पुष्कळदा मांडून बघितलंय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

जीप ओढत उस्तादांकडेच आणली होती. मला त्यांचा फोन आला. "या," एवढंच म्हणाले.

मी गेलो तेव्हा इंजिन उघडून गोणपाटावर मांडलेलं होतं. उस्ताद पाटावर बसले होते. त्यांनी माझा हात पुढे करायला लावला आणि तळव्यावर बेअरिंगची एक अर्धगोल पाती ठेवली. पाती कडेला पार झिजून कागदासारखी झाली होती, मधे जळून काळीनिळी पडली होती. इवलीशी चीज. मुठीत मावली.

"हे म्या ऐकलं व्हतं," ते म्हणाले. "तुम्हीबी ऐकलं व्हतं. दोघांनी ऐकलं व्हतं, सर."

मी काहीतरी बोलायला लागलो. पगार, सुनंदाचे गुडघे, काय काय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जबान मालकाची, असं म्या जिंदगीभर बोलत आलो. त्या दिवशी बी तेच धरून बसलो. वाटलं, आता बोलतील सर, आता बोलतील. पर अल्लानं मलाबी एक जबान दिल्ती. ती त्या दिवशी कुठं गेल्ती?"

हे ते मला विचारत नव्हते. स्वतःलाच विचारत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते बघायला नको म्हणून मी त्या पातीकडे बघत राहिलो.

"दहाव्याला तीर्थपुरीला जातो. तुम्हीबी चला," ते म्हणाले. मी हो म्हणालो. दहाव्याच्या सकाळी फोन करून, आवाज बारीक करून सांगितलं की ताप आलाय. ते म्हणाले, "आराम करा." आणि एकटेच एसटीने गेले.

तिथे ते काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. महिनाभर शाळेच्या फाटकाशी कोणी थांबलेलं दिसलं की तो विष्णू आहे असंच मला वाटायचं. तो आला नाही. हळूहळू मी अशी समजूत करून घेतली की उस्ताद आपल्या रिवाजाप्रमाणे गप्प राहिले असतील. त्यांनी ते इंजिन मजुरी न घेता पुन्हा बांधलं आणि जीप तीर्थपुरीला पोचती केली. सामानाचा खर्च मी देतो म्हणालो, तर म्हणाले, "ते तुम्ही तिथं जाऊन द्या. माझ्याकडं नका देऊ." मी परीक्षा झाल्यावर जातो म्हणालो. परीक्षा झाल्या, निकाल लागले, शाळा पुन्हा सुरू झाली.

त्या पावसाळ्यापासून उस्तादांच्या दारातल्या गाड्या कमी व्हायला लागल्या. सौदे व्हायचे तेही दुसरीकडे व्हायला लागले. लोक म्हणायचे, उस्तादांचं वय झालं, आता लॅपटॉप लावून इंजिन तपासणारी पोरं आलीत. मला हे कारण पटलं. पटवून घेतलं. येता-जाता ते मला लोखंडी खुर्चीवर बसलेले दिसायचे, समोरची जागा मोकळी, पेटी बंद. दात मात्र तीनदा घासायचेच. मी नमस्कार करायचो, ते हात वर करायचे. तीर्थपुरीबद्दल त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. ते विचारत नाहीत हे मला विचारण्यापेक्षा जड जायचं.

एकदा मोटारसायकल घेऊन मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती ऐकली, म्हणाले, "टॅपेट सैल हाय, बाकी कायबी न्हाई," आणि दहा मिनिटांत काम करून दिलं. मी विचारलं, "करमतं का उस्ताद, असं बसून?"

"करमतं की. चुपचाप बसलं की समदं ऐकू येतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुम्हाला येतं का सर?"

मी येतं म्हणालो. ते मान हलवून म्हणाले, "मंग बरं हाय." त्या एका गोष्टीत आम्ही दोघे एका घरातले होतो. त्यांच्याइतकं माझं मन दुसरं कोणी ओळखत नव्हतं, आणि मी त्यांना काहीच देऊ शकलो नव्हतो, एक साधी एसटीची सोबतसुद्धा नाही.

थंडीत एका सकाळी ते नमाज पढून आले, खाटेवर टेकले आणि गेले. मूलबाळ नव्हतं. भाचे परभणीहून आले. मी कब्रस्तानात गेलो, इतरांसारखी तीन मुठी माती दिली. मला वाटलं होतं तिथे खूप गर्दी असेल. अख्ख्या तालुक्याच्या गाड्या त्या माणसाने ऐकल्या होत्या. पंचवीस-तीस माणसं होती.

त्यानंतरच्या रविवारी मी तीर्थपुरीला गेलो. जिवंत माणसाबरोबर जायला जमलं नाही आणि तो गेल्यावर एकटा गेलो, याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. विष्णू गिरणीत होता. मला बघून त्याने पट्टा उतरवला, मोटर बंद केली, पोत्यावरचं पीठ झटकून मला बसायला जागा केली. उस्ताद गेल्याचं मी सांगितलं. तो हळहळला.

"माणूस चांगला व्हता, सर. दहाव्याला आल्ता ना आमच्याकडं. समद्या भावकीसमोर माझ्या पाया पडाया लागला. म्या धरलं त्याला. म्हणला, माझ्या कानानं दगा दिला, मला त्या गाडीचं दुखणं ऐकूच आलं न्हाई. सरांला काय बी बोलू नका, त्यांला ठावं न्हवतं. म्या म्हणलं, जाऊ द्या उस्ताद, तुम्ही काय जाणून केलं का."

मी पोत्यावर बसून होतो. उस्तादांनी आपला रिवाज तिथेही मोडला नव्हता. मालकाची गोष्ट मालकासाठी ठेवली आणि स्वतःच्या वाट्याची म्हणून एक खोटी गोष्ट सांगून आले. आयुष्यात बहुधा एकच खोटं बोलले, आणि तेही स्वतःच्याच कानांवर आळ घेऊन.

मग मी विष्णूला सांगितलं. पेचकस दातांत धरल्यापासून, घट्ट ऑइलपासून, त्या दोन वाक्यांपासून सगळं. मला वाटलं तो उठेल, कॉलर धरेल. त्याने तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो हातावरचं पीठ चोळत राहिला.

"मंग उस्तादांना ऐकू येत व्हतं?"

"हो. शेवटपर्यंत."

"आन म्या समद्या बाजारात सांगत फिरलो, म्हातारा बहिरा झाला, त्याच्याकडं गाडी नेऊ नका. अंबडला सांगितलं, घनसावंगीला सांगितलं. चार माणसं वाचत्याल म्हणून सांगितलं, सर." त्याचा आवाज चिरकला. वडिलांबद्दल बोलतानाही चिरकला नव्हता.

मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "मला सांगून काय व्हतंय आता? माझा बाप तर गेला. जिथं म्या बोललो तिथं चला, आन तिथं बोला." त्याने गिरणीचं शटर ओढलं.

आम्ही त्याच दुपारी अंबडला आलो. गॅरेजांच्या ओळीसमोर चहाचं एक हॉटेल आहे. पाच-सहा जण बसले होते, सगळे उस्तादांना तीस-तीस वर्षं ओळखणारे. मी उभा राहून सांगितलं. वर्गात बोलतो तसं मोठ्याने आणि एकेक पायरी सुटी करून सांगितलं, की उस्तादांनी बरोबर ऐकलं होतं, मला दाखवलं होतं, मी विष्णूशी खोटं बोललो, आणि ते बहिरे झाल्याची गोष्ट त्यांनी माझ्यासाठी रचली. त्यांच्यातला सगळ्यात जुना मेकॅनिक होता, त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

"सर, तुमचं मन मोठं हाय," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाचं नाव चांगलं राहावं म्हणून सोतावर घेऊन राह्यले. आजकाल कोण करतंय एवढं? पर म्हाताऱ्याचे कान गेल्ते, ते काय आम्हाला ठावं न्हाई का?"

"नाही हो," मी म्हणालो. "मी खरं सांगतोय."

विष्णू म्हणाला, "सर खरं सांगून राह्यले."

"तुझंबी मन मोठं हाय, बाबा," दुसरा कोणीतरी म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो. तोवर दोघेजण चहा संपवून आपापल्या गाड्यांकडे निघून गेले होते.